रेल्समधले डेटाबेस ॲडॅप्टर आणि कनेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कवर काम करणाऱ्याची ॲडॅप्टरशी, म्हणजे रेल्स आणि डेटाबेस यांच्यामधल्या दुभाष्याशी, गाठ बहुधा दोनदाच पडते. एकदा प्रकल्प सुरू करताना 'डेटाबेस डॉट वायएमएल' फाइलमध्ये त्याचं नाव लिहितो तेव्हा, आणि नंतर थेट प्रॉडक्शनवर कनेक्शन मिळेनासं होतं तेव्हा. मधल्या काळात तो इतका निमूट काम करतो की आपण डेटाबेसशी बोलतोय याचाच विसर पडतो. ॲडॅप्टर डेटाबेसची बोली लपवतो आणि ते काम फार छान करतो. पण कनेक्शन ही मोजकीच मिळणारी, स्वतःची स्थिती धरून ठेवणारी गोष्ट आहे, हे त्याला लपवता येत नाही. बहुतेक अडचणी तिथून येतात. खालची उत्तरं ॲक्टिव्ह रेकॉर्डची (रेल्सच्या डेटाबेस हाताळणाऱ्या भागाची) ७.१ आणि त्यापुढची आवृत्ती धरून लिहिली आहेत.

ॲडॅप्टर आणि ड्रायव्हर एकच ना?

नाही. ड्रायव्हर म्हणजे प्रत्यक्ष सॉकेट उघडून बाइट पाठवणारा. पोस्टग्रेससाठी ते काम 'पीजी' नावाचं जेम (रूबीचं पॅकेज) करतं आणि त्याच्या खाली 'लिबपीक्यू' ही सी भाषेतली लायब्ररी असते. मायएसक्यूएलसाठी 'मायएसक्यूएल२' आहे, किंवा गिटहबने लिहिलेला आणि २०२२ साली खुला केलेला 'ट्रिलॉजी'. ट्रिलॉजीचा ॲडॅप्टर रेल्स ७.१ पासून सोबतच येतो, आणि त्याला मायएसक्यूएलची सी लायब्ररी वेगळी बसवावी लागत नाही.

ॲडॅप्टर या ड्रायव्हरच्या वरचा थर. 'ॲबस्ट्रॅक्ट ॲडॅप्टर' हा मूळ क्लास, आणि प्रत्येक डेटाबेसचा ॲडॅप्टर त्याच्यापासून निघालेला. टेबलाचं नाव कोणत्या अवतरणचिन्हांत घालायचं, 'खरं-खोटं' कसं साठवायचं, नवीन नोंदीचा आयडी परत कसा मिळवायचा, चूक आली तर तिचा अर्थ काय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. शिवाय 'तुला हे जमतं का?' अशा प्रश्नांना तो होय किंवा नाही असं उत्तर देतो: टेबल बदलताना ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होणार, नाहीतर एकही नाही) चालतं का, त्याच्या मधे परत फिरण्याची खूण म्हणजे सेव्हपॉइंट जमतात का, वगैरे. वरचा सगळा कोड डेटाबेसचं नाव न विचारता हे प्रश्न विचारतो. या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

एक साधी क्वेरी लिहिली की आत काय काय घडतं?

समजा 'शेतकरी' हे मॉडेल आहे आणि तालुका 'जुन्नर' असलेल्या पहिल्या १० नोंदी हव्या आहेत. ही ओळ लिहिली त्या क्षणी डेटाबेसकडे काहीच जात नाही. नोंदींवर फिरायला सुरुवात केली की चक्र हलतं.

मॉडेल आधी कनेक्शन हँडलरला विचारतं की माझा पूल (उघड्या कनेक्शनांचा साठा) कोणता. पूल एक मोकळं कनेक्शन देतो. आपल्या अटी तोवर 'एरेल' या एसक्यूएल रचणाऱ्या लायब्ररीच्या झाडाच्या रूपात असतात. त्या ॲडॅप्टरचा व्हिजिटर झाडावर फिरून एसक्यूएलची ओळ तयार करतो. पोस्टग्रेससाठी टेबलाचं नाव दुहेरी अवतरणात जातं आणि 'जुन्नर'च्या जागी डॉलर-एक अशी खूण बसते. मायएसक्यूएलसाठी नावाभोवती बॅकटिक येतात, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेली क्वेरी) मुळात बंद असल्यामुळे 'जुन्नर' हा शब्द नीट एस्केप होऊन ओळीतच जातो. पोस्टग्रेसमध्ये तीच क्वेरी त्याच कनेक्शनवर पुन्हा आली तर मजकूर परत पाठवावा लागत नाही. आधी तयार केलेल्या स्टेटमेंटचं नाव आणि नवीन किंमत एवढंच जातं.

उत्तर येतं तेव्हा प्रत्येक रकान्यासोबत पोस्टग्रेस प्रकाराचा क्रमांक पाठवतं: १६ म्हणजे बूलियन, २३ म्हणजे चार बाइटचा पूर्णांक, १११४ म्हणजे टाइमझोनविना वेळ. ॲडॅप्टरकडे या क्रमांकांचा नकाशा असतो, त्यावरून तो रूबीच्या वस्तू बनवतो. मायएसक्यूएलला खरा बूलियन नाही. तिथे ॲडॅप्टर एक अंकी 'टायनीइंट' दिसला की त्याला खरं-खोटं समजतो. एखाद्याने त्या रकान्यात २ किंवा ३ साठवायचं ठरवलं असेल तर हा समज महागात पडतो.

मग ॲडॅप्टरची ओळ बदलली की डेटाबेस बदलला, असं म्हणता येईल का?

विकास एसक्यूलाइटवर आणि प्रॉडक्शन पोस्टग्रेसवर, ही पद्धत अजूनही दिसते. माझा तिला ठाम विरोध आहे. ॲडॅप्टर बोली बदलतो, स्वभाव बदलत नाही.

मायग्रेशनचंच, म्हणजे टेबलांची रचना बदलणाऱ्या कोडचंच पाहा. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये टेबल बदलण्याच्या आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात. मधेच चूक झाली तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएलमध्ये तसं होत नाही. तीन बदलांपैकी दुसरा फसला तर पहिला तसाच राहतो, आणि मायग्रेशन पुन्हा चालवलं की 'हा रकाना आधीच आहे' असं उत्तर येतं. ॲडॅप्टर हा फरक प्रामाणिकपणे सांगतो, पण मिटवू शकत नाही.

चुकीनंतरचं वागणंही वेगळं. युनिक इंडेक्स मोडला की पोस्टग्रेस २३५०५ हा संकेत देतं, मायएसक्यूएल १०६२ देतं, आणि एसक्यूलाइटच्या बाबतीत ॲडॅप्टर चक्क संदेशाचा मजकूर तपासतो. आपल्याला तिन्हीकडे 'रेकॉर्ड नॉट युनिक' हाच एक्सेप्शन मिळतो. इथवर सगळं छान. पण तो एक्सेप्शन ट्रान्झॅक्शनच्या आत पकडून पुढे काम चालू ठेवलं, तर मायएसक्यूएल चालू देतं आणि पोस्टग्रेस रोलबॅक होईपर्यंत प्रत्येक क्वेरी नाकारतं. उपाय म्हणजे तेवढ्या भागाला 'रिक्वायर्स न्यू' देऊन स्वतंत्र सेव्हपॉइंट करणं. 'क्रिएट ऑर फाइंड बाय' आतून हेच करतं.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'जुन्नर'मध्ये मात्रा आणि हलन्त धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. मायएसक्यूएलच्या जुन्या, तीन बाइटच्या 'यूटीएफ८' कॅरेक्टर सेटमध्येही मराठी व्यवस्थित बसतं. त्यामुळे कॅरेक्टर सेट चुकलाय हे चाचणीत कळतच नाही. मग कोणीतरी प्रतिक्रियेत इमोजी टाकतं. इमोजीला चार बाइट लागतात. रेल्सचा ॲडॅप्टर कनेक्शन उघडतानाच कडक मोड लावत असल्यामुळे मजकूर गुपचूप कापला जात नाही, सरळ एरर येते. ते बरंच आहे. उपाय 'यूटीएफ८एमबी४'.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. एसक्यूलाइट मुळात बाइटनुसार लावतं, पोस्टग्रेसमध्ये 'सी' कोलेशन (क्रमवारीचा नियम) असेल तरी तसंच. नावांची यादी मराठी क्रमाने हवी असेल तर पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं कोलेशन वापरून पाहावं लागतं. ती सोय १० व्या आवृत्तीपासून आहे. 'ऑर्डर' लिहिलं की ॲडॅप्टर ते शब्दशः पुढे देतो. क्रम ठरवतो तो डेटाबेस.

कनेक्शन पूल हवाच कशाला? लागेल तेव्हा उघडावं, झालं की बंद करावं.

उघडणं स्वस्त नाही. आधी टीसीपी, मग बहुधा टीएलएस, मग पासवर्डची देवाणघेवाण, आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर वेगळी प्रोसेस जन्माला येते. त्यानंतर ॲडॅप्टरची स्वतःची तयारी सुरू होते. टाइमझोन आणि इतर काही सेटिंग लावणं, प्रकारांच्या क्रमांकांची माहिती डेटाबेसकडून मागवणं, अशी कामं पहिल्या खऱ्या क्वेरीच्या आधी उरकावी लागतात. दर रिक्वेस्टला हे करणं परवडत नाही.

रेल्समध्ये पूल आला २००८ साली, २.२ या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत रेल्स थ्रेड-सुरक्षित झालं, आणि या दोन गोष्टी सोबत येणं स्वाभाविक होतं. एका वेळी एका कनेक्शनवर एकच संवाद चालू शकतो, म्हणून अनेक थ्रेडना ते वाटून देणारा कोणीतरी लागतोच.

पूलची संख्या ५ ठेवली आहे. म्हणजे डेटाबेसवर ५ कनेक्शनच उघडतील ना?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. तो आकडा प्रत्येक प्रोसेससाठी असतो.

आकडेमोड करू. एका मशीनवर प्यूमा या वेब सर्व्हरचे ४ वर्कर (प्रोसेस), प्रत्येकी ५ थ्रेड: २० कनेक्शन. अशी ३ मशीन: ६०. मागच्या मागे कामं चालवणाऱ्या साइडकिकच्या २ प्रोसेस, प्रत्येकी १० थ्रेड आणि १०चाच पूल: आणखी २०. झाले ८०. पोस्टग्रेसची 'मॅक्स कनेक्शन्स' मर्यादा मुळात १०० असते आणि त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे आपल्या हाती ९७. सगळं ठीक वाटतं. आता नवीन आवृत्ती डिप्लॉय करताना जुन्या प्रोसेस बंद होण्याआधी नव्या उभ्या राहिल्या तर काही मिनिटं मागणी १६० पर्यंत जाऊ शकते. 'एरवी चालतं, डिप्लॉयच्या वेळीच पडतं' ही तक्रार ऐकली की मी आधी हा गुणाकार करून बघतो.

पूल मात्र ही सगळी कनेक्शनं सुरुवातीलाच उघडत नाही. गरज पडेल तसं एकेक उघडतो, आणि ३०० सेकंद रिकामं पडून राहिलेलं कनेक्शन बंद करू शकतो. म्हणूनच कमी रहदारीत आकडा लहान दिसतो आणि गर्दीच्या दिवशी खरा चेहरा कळतो.

नियम साधा आहे: पूल त्या प्रोसेसमधल्या थ्रेडच्या संख्येइतका तरी असावा. त्यासाठीच दोन्हीकडे 'रेल्स मॅक्स थ्रेड्स' हाच एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल वापरण्याची पद्धत पडली आहे.

'५ सेकंदांत पूलमधून कनेक्शन मिळालं नाही' अशी एरर येते. पूल वाढवू का?

लगेच नको. पूल म्हणजे पंगत आहे: पानं ठरलेली, जेवून कोणी उठलं की पुढचा बसतो. पानं वाढवण्याआधी बसलेले उठत का नाहीत ते बघा.

नेहमीचं कारण म्हणजे आपणच कोडमध्ये सुरू केलेले थ्रेड. वेब रिक्वेस्ट संपली की रेल्सचा एक्झिक्युटर त्या थ्रेडचं कनेक्शन पूलला परत करतो. आपण 'थ्रेड डॉट न्यू' लिहून आत कनेक्शन स्वतःकडे घेतलं तर ते परत करणारं कोणी नाही. थ्रेड मेल्यावर रीपर (पूलची साफसफाई करणारा भाग) ते सोडवून आणतो, पण थ्रेड जिवंत असेपर्यंत ते अडकलेलंच राहतं आणि आपली वाट पाहण्याची मुदत ५ सेकंदांची. अशा थ्रेडमधलं काम रेल्सच्या एक्झिक्युटरमध्ये किंवा 'विथ कनेक्शन' ब्लॉकमध्ये गुंडाळावं.

दुसरं कारण: ट्रान्झॅक्शनच्या आत बाहेरची एपीआय बोलावणं. पेमेंट गेटवेने उत्तर द्यायला ८ सेकंद घेतले तर ते कनेक्शन ८ सेकंद अडकलं, शिवाय ज्या ओळींवर लॉक घेतले त्याही अडकल्या. बाहेरचं बोलणं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा.

ही दोन्ही कारणं नसतील आणि थ्रेड खरोखरच पूलपेक्षा जास्त असतील, तरच आकडा वाढवा.

७.२ मध्ये 'कनेक्शन' ही मेथड वापरू नका असं म्हणतात. का?

कारण ती मेथड हाक मारताच कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत त्या थ्रेडच्या नावावर बसायचं. ७.२ पासून ॲक्टिव्ह रेकॉर्ड स्वतः क्वेरीपुरतं कनेक्शन घेतो आणि सोडतो. आपल्याला थेट हवं असेल तर दोन मार्ग: ब्लॉकपुरतं हवं तर 'विथ कनेक्शन', रिक्वेस्टभर धरून ठेवायचं तर 'लीज कनेक्शन'. जुनी मेथड चालते, पण नव्या कोडमध्ये हेतू उघड दिसणारं नाव वापरलेलं बरं. बहुतेक ठिकाणी 'विथ कनेक्शन' पुरतं.

रात्रभर रहदारी नसते आणि सकाळची पहिली रिक्वेस्ट पडते. मायएसक्यूएलचा ८ तासांचा टाइमआउट लागतो का?

सगळेच याच्यावर संशय घेतात, कारण 'वेट टाइमआउट' मुळात २८,८०० सेकंद असतो. पण रेल्सचा ॲडॅप्टर कनेक्शन उघडताना ही मुदत स्वतःच २१,४७,४८३ सेकंदांवर नेऊन ठेवतो, म्हणजे जवळजवळ २५ दिवस. त्यामुळे कॉन्फिगमध्ये कोणी ती कमी केली नसेल तर दोषी बहुधा मधला फायरवॉल, नॅट किंवा लोड बॅलन्सर असतो. शांत पडलेलं कनेक्शन तो टाकून देतो आणि दोन्ही टोकांना कळवत नाही.

७.१ पासून ॲडॅप्टर तुटलेलं कनेक्शन ओळखून पुन्हा जोडतो, आणि क्वेरी पुन्हा पाठवणं सुरक्षित असेल तर एकदा पाठवूनही बघतो. नोंद घालणारी क्वेरी किंवा चालू ट्रान्झॅक्शनमधली क्वेरी मात्र तो पुन्हा पाठवत नाही. ते योग्यच आहे. कनेक्शन तुटलं तेव्हा पैसे आधीच कापले गेले होते की नाही, हे ॲडॅप्टरला कळण्याचा मार्ग नाही.

प्यूमाच्या वर्करमध्ये फोर्क झाल्यावर (प्रोसेसची प्रत निघाल्यावर) कनेक्शन पुन्हा जोडावं लागतं का?

रेल्स ५.२ पासून नाही. फोर्क झालेली प्रोसेस वारशाने आलेली कनेक्शनं सोडून देते आणि स्वतःची उघडते. जुन्या ट्यूटोरियलमधल्या 'ऑन वर्कर बूट' ब्लॉकमधली ती ओळ काढून टाका.

मधे पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससमोर बसणारा वेगळा कनेक्शन पूल) लावला आणि विचित्र एरर सुरू झाल्या.

ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावला असणार. रेल्स समजतो की आपल्या हातात पोस्टग्रेसचं एक पक्कं सेशन आहे. पीजीबाउन्सर दर ट्रान्झॅक्शनला मागचं खरं कनेक्शन बदलू शकतो. मग एका कनेक्शनवर तयार केलेलं स्टेटमेंट दुसऱ्यावर शोधलं जातं आणि 'असं स्टेटमेंटच नाही' असं उत्तर येतं. 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स' बंद करणं हा जुना उपाय. पीजीबाउन्सर १.२१ पासून त्यांची सोय आली आहे, ती नीट लावून तपासून घ्या.

सेशनवर टिकणारी दुसरी गोष्ट म्हणजे मायग्रेशनचं ॲडव्हायजरी लॉक, एका वेळी एकच मायग्रेशन चालावं म्हणून घेतलेलं कुलूप. मायग्रेशन थेट पोस्टग्रेसच्या पत्त्यावर चालवा. आणि आपल्या कोडमध्ये कुठे 'सेट' आज्ञा देऊन सर्च पाथ किंवा टाइमआउट बदलत असाल तर जपून. साध्या पूलमध्येही कनेक्शन परत करताना ती सेटिंग पुसली जात नाही, पुढच्या थ्रेडला तशीच मिळते. एका ग्राहकाच्या स्कीमात दुसऱ्याची माहिती दिसणं यातूनच घडतं. ट्रान्झॅक्शनपुरतं 'सेट लोकल' वापरा.

दोन डेटाबेस वापरले तर एकच ट्रान्झॅक्शन दोन्हींवर चालेल का?

चालणार नाही. ट्रान्झॅक्शन कनेक्शनचं असतं, आणि दोन डेटाबेस म्हणजे दोन पूल. रेल्स ६.० पासून 'कनेक्ट्स टू' लिहून लेखन आणि वाचनाचे वेगवेगळे डेटाबेस जोडता येतात, ६.१ पासून शार्डही (वाटून ठेवलेल्या माहितीचे तुकडे). एक ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच्या आत लिहिलं तरी आतलं कमिट होऊन बाहेरचं फसू शकतं. रेप्लिका (वाचनासाठीची प्रत) वापरत असाल तर आपोआप भूमिका बदलणारा मिडलवेअर आहे. लेखनानंतर २ सेकंद तो त्या वापरकर्त्याचं वाचनही मुख्य डेटाबेसकडूनच करतो. रेप्लिका त्याहून मागे पडत असेल तर मुदत वाढवा.

जँगोमधून आलोय. तिथे पूल नव्हता, मग चालायचं कसं?

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये कनेक्शन थ्रेडला बांधलेलं असतं. 'कॉन मॅक्स एज' मुळात शून्य, म्हणजे दर रिक्वेस्टला नवीन कनेक्शन. तो आकडा वाढवला की कनेक्शन टिकतं. पोस्टग्रेससाठी खरा पूल जँगो ५.१ मध्ये, २०२४ साली आला.

स्वतःचा ॲडॅप्टर लिहायचा तर कुठून सुरुवात करू?

एसक्यूलाइटचा ॲडॅप्टर आधी वाचा. त्यात सर्व्हर नाही, त्यामुळे जोडणीचा भाग छोटा आहे आणि रचना स्पष्ट दिसते. मग 'ॲबस्ट्रॅक्ट ॲडॅप्टर'पासून क्लास काढा आणि ७.२ मधल्या 'रजिस्टर' मेथडने त्याचं नाव नोंदवा. जोडणं, जिवंत आहे का ते पाहणं, पुन्हा जोडणं, तोडणं, क्वेरी चालवणं, अवतरणं, प्रकारांचा नकाशा आणि टेबलाचे रकाने वाचणं, एवढं लागतंच. त्यातला एररच्या भाषांतराचा भाग लोक शेवटी ठेवतात. मी म्हणेन पहिल्याच आठवड्यात करा, कारण वरचा सगळा कोड त्यावर विसंबून असतो.

प्रॉडक्शनवर पूलची हालत पाहायची कशी?

पूलवर 'स्टॅट' ही मेथड आहे. ती एकूण आकार, उघडी कनेक्शनं, कामात गुंतलेली, मेलेल्या थ्रेडकडे राहिलेली, रिकामी, आणि वाट पाहणारे थ्रेड यांचे आकडे देते. हे आकडे दर मिनिटाला मॉनिटरिंगमध्ये पाठवा. 'वेटिंग' वारंवार शून्याच्या वर जात असेल तर पूल अपुरा पडतोय किंवा कोणीतरी कनेक्शन धरून बसलंय. 'डेड' वर जात असेल तर स्वतः सुरू केलेले थ्रेड तपासा. आकडे प्रत्येक प्रोसेसचे वेगळे असतात, म्हणून कन्सोल उघडून तिथला 'स्टॅट' पाहण्यात अर्थ नाही. तो फक्त कन्सोलचा पूल दाखवेल.